खुर्चीवर ठेवलेली जांभळी हॅट

एर्लांगेनच्या फलाटावर न्युरेम्बर्गची गाडी लागली तेव्हा माझ्या एका हातात दशम्यांची पिशवी होती, दुसऱ्या हाताने मी सुनेचा दंड घट्ट धरला होता.

"अहो आई, गाडी सुटायला अजून चार मिनिटं आहेत," प्राजक्ता हसून म्हणाली. "आणि ते बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही."

सांगलीच्या शाळेत मी तीस वर्षे गणित शिकवले. फळ्यासमोर कधी भ्याले नाही, पण फळ्याची बाजू सोडली की मला सगळ्याचेच भय वाटते. जर्मनीत येऊन दोन महिने झाले होते आणि त्यात भरच पडली होती. आपोआप मिटणारी दारे, घंटी वाजवत अंगावर येणाऱ्या सायकली, न समजणाऱ्या भाषेतल्या सूचना. त्यातून सुनेला सातवा सरून आठवा लागलेला. ती तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. पोटाशी लॅपटॉप धरून बसने जायची, यायची, आणि ती परत येईपर्यंत मी खिडकीत उभी असायची.

शेवटी आदल्या आठवड्यात तिने मला समोर बसवले. "आई, राग मानू नका. पण तुम्ही घाबरलात की मलाही धडकी भरते. डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे. आपण तसंच धरून चालूया ना?"

मी कबूल केले. त्या दिवसापासून भीती वाटली की गिळायची, बोलायची नाही, असे ठरवले. तिच्या ओळखीच्या बायकांचे नाटक बघायला कोलोनला जायला "हो" म्हटले तेही त्याच हट्टाने. मुलगा अभिजित येऊ शकत नव्हता. न्युरेम्बर्गच्या त्याच्या कारखान्यात नवे यंत्र चालू व्हायचे होते आणि शनिवार-रविवार त्याची तिथे पाळी होती.

न्युरेम्बर्गला गाडी बदलली. फ्रँकफर्टपर्यंत बरे चालले होते. पुढे मात्र गाडीने असा वेग घेतला की बाहेरची झाडे नुसती हिरवी रेघ झाली. एकामागून एक बोगदे येऊ लागले. प्रत्येक बोगद्यात कानांना दडे बसत. मी खुर्चीचा हात धरून हसत राहिले. प्राजक्ता दशमी आणि चटणी खात होती. डब्यात लसणीचा वास सुटला, तशी समोरची आजी आमच्याकडे पाहून नाक न मुरडता म्हणाली, "गूटन अपेटिट" (सावकाश जेवा). प्राजक्ताने तिला अर्धी दशमी दिली. आजीने ती सुरीने कापून खाल्ली.

कोलोनला स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकले आणि मी थबकले. समोर एकदम ते मोठे चर्च. जुन्या दगडाचे, धुराने काळवंडलेले, इतके उंच की वर पाहताना तोल जावा. सुंदर होते, पण मला ते अंगावर येणाऱ्या कड्यासारखे वाटले. त्याच्या पायरीवर एक धिप्पाड बाई दोन्ही हात पसरून उभी होती.

"मामा!" ती ओरडली (तिकडे मामा म्हणजे आई) आणि तिने मला मिठीतच घेतले.

ही एस्तर. प्राजक्ता जर्मनीत पहिल्यांदा आली तेव्हा भाषा शिकायला वर्षभर कोलोनला राहिली होती, ती एस्तरच्या घरी भाड्याने. एस्तर मूळची घानाची, कुमासी गावची. वीस-बावीस वर्षे कोलोनमध्ये हेबामे (सुईण) म्हणून काम करते. युरो येऊन चार-पाच वर्षे झाली होती, तरी वस्तूंचे भाव अजून जुन्या जर्मन मार्कमध्येच सांगायची. वयाने माझ्याहून थोडी लहान. प्राजक्ताशी जर्मन बोलायची, माझ्याशी इंग्रजी, आणि स्वयंपाकघरात भांड्यांशी तिची स्वतःची भाषा.

तिच्या घरी जेवायला शेंगदाण्याचे सूप होते. मी मांस खात नाही हे प्राजक्ताने कळवले होते, म्हणून माझ्यासाठी वेगळे केलेले. पहिला घास घेतला आणि मी चमकले. ही तर आपली दाण्याची आमटी! फक्त गूळ नाही आणि तिखट आपल्यापेक्षा जास्त. भाताचे गोळे करून त्यात बुडवायचे. मी दोनदा वाढून घेतली, तेव्हा एस्तर टेबलावर थाप मारून म्हणाली, "प्राजक्ता, तुझी सासू माझ्या गावची आहे!"

जेवणानंतर तिने कपाटावरून गोल खोकी खाली काढली. त्यात हॅट होत्या. पिवळी, पांढरी, मोरपिशी. काहींना जाळी, काहींना पिसे, एकीवर तर चक्क कापडी द्राक्षांचा घड. आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो तो खेळ या हॅटचाच होता. कोलोनमधल्या एका इंग्रजी प्रार्थनामंडळातल्या सात बायकांनी मिळून एक संगीत नाटक बसवले होते. नाव साधेच, 'रविवारच्या बायका'. प्रत्येकीची एक हॅट आणि प्रत्येक हॅटची एक गोष्ट. त्यातल्या दोन हॅट प्राजक्ताने पूर्वी एस्तरच्या शेजारी बसून शिवल्या होत्या, म्हणून हे आमंत्रण.

"पण चर्चला जायला एवढी मोठी हॅट कशाला?" मी विचारले. "आमच्यात देवापुढे जाताना बायका डोक्यावर पदर घेतात. तेवढं पुरतं."

"आमच्या मंडळातल्या डोरोथीला विचार," एस्तर म्हणाली. "तिची आजी अमेरिकेत दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची. सहा दिवस अंगावर मालकिणीने दिलेला गणवेश. सातव्या दिवशी स्वतःची हॅट. त्या दिवशी तिला कोणी 'ए पोरी' म्हणत नसे." मग तिने एक जांभळी हॅट हातात घेतली. रुंद काठाची, बाजूला एकच काळे पीस. "ही माझी. मामा, बघ, पण हात लावू नको. एकीच्या हॅटला दुसरीने हात लावायचा नाही, डोक्यावर घालायची तर मुळीच नाही. असा आमचा नियम आहे."

मी तिला सांगितले की आमच्या भाषेत टोपी घालणे म्हणजे फसवणे. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आले.

रविवारी सकाळी मी केस विंचरत होते. प्राजक्ता न्हाणीघरातून आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. एक हात कमरेवर.

"आई, कंबर जरा जास्तच भरून आलीय आज."

माझ्या तोंडात शब्द आलेही होते. डॉक्टरांकडे जाऊ या, एस्तरला उठवू या. पण मला माझा शब्द आठवला. मी ते शब्द गिळले आणि हसून म्हणाले, "अगं, काल पाच तास गाडीत बसलीस. होणारच. या महिन्यांत आम्ही विहिरीवरून पाणी आणत होतो."

खोटे होते ते. आमच्या घरी नळ होता.

ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसली आणि मग उठून साडी नेसायला लागली.

खेळ दुपारी दोनला होता. एहरेनफेल्ड भागात एका जुन्या कारखान्याचे छोटे नाट्यगृह केलेले आहे, तिथे. दोनशे-अडीचशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. प्रेक्षकांतल्या बायकाही हॅट घालून आल्या होत्या, त्यामुळे मागच्या रांगेत तक्रारी आणि हशा चालू होता. आम्ही पाचव्या रांगेत कडेला बसलो. प्राजक्ता पाय लांब करता यावेत म्हणून कडेच्या खुर्चीवर.

पडदा नव्हताच. रंगमंचावर सात साध्या लाकडी खुर्च्या. अंधार झाला, टाळ्यांचा ठेका सुरू झाला आणि सातही जणी प्रेक्षकांतूनच चालत वर गेल्या. काय आवाज! माइकची गरज नव्हती. डोरोथी सर्वांत पुढे. ती अमेरिकेच्या दक्षिणेतली, सैनिकाची बायको म्हणून जर्मनीत आलेली आणि इथेच राहिलेली. तिने आजीची गोष्ट सांगितली. एकीने लग्नाच्या दिवशी पावसात भिजलेल्या हॅटचे गाणे म्हटले, त्यावर सगळे नाट्यगृह हसून लोळले. एक तरुण मुलगी म्हणाली, मला हॅट नको, मला माझे केस दाखवायचे आहेत; तिच्याशी बाकीच्या सहाजणी गाण्यातूनच भांडल्या. एस्तर जांभळी हॅट घालून आजीबाईच्या भूमिकेत मधोमध बसली होती. ती नुसती मान हलवायची आणि टाळ्या पडायच्या. भाषा अर्धी कळत होती, अर्धी नाही, पण मी खुर्चीच्या टोकावर आले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

मध्यंतर झाले. प्राजक्ता म्हणाली, "मी जाऊन येते, आई. तुम्ही बसा, जागा जाईल."

मी बसले. पाच मिनिटे झाली. दहा झाली. मग मी उठले.

बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर ओळ होती आणि ओळीतल्या बायका आत पाहत होत्या. प्राजक्ता जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. चेहरा पांढराफटक. साडीचा पिवळा रंग मांडीपासून खाली लाल होत चालला होता.

"आई," ती म्हणाली, "पोट दगडासारखं झालंय."

मी किंचाळले असावे. मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की एस्तर हॅटसकट धावत आली, गुडघ्यांवर बसली, प्राजक्ताच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. नाटकातली आजीबाई क्षणात नाहीशी झाली. ती कोणाला तरी जर्मनमध्ये मोजक्या शब्दांत सूचना देऊ लागली. तिकीट देणारी मुलगी फोनकडे धावली.

"मुटरपास," एस्तर माझ्याकडे वळून म्हणाली. "मामा, मुटरपास कुठे आहे?"

ती म्हणजे गरोदर बाईची नोंदवही. रक्तगट, तपासण्या, सगळे त्यात असते. प्राजक्ता ती कायम पर्समध्ये ठेवायची, आणि पर्स खुर्चीखाली होती. मी धावले. कोणाकोणाला धक्के मारले, कोणाची हॅट पाडली. परत आले तोवर अँब्युलन्सची माणसे आली होती. मी ती निळी वही एस्तरच्या हातात दिली.

स्ट्रेचर दारापाशी नेले. अँब्युलन्सवाला काही म्हणाला. एस्तरने मला सांगितले, "बरोबर एकीलाच घेतात. मामा, तू चढ."

माझा एक पाय पायरीवर होता. आत प्राजक्ताचे डोळे मिटलेले दिसत होते. तेवढ्यात त्या माणसाने मला काहीतरी विचारले. पुन्हा विचारले. मला एक अक्षर कळले नाही. वाटेत तो असेच विचारील, डॉक्टर विचारतील, आणि मी बाहुलीसारखी पाहत बसेन. मी पाय खाली घेतला.

"तू जा," मी एस्तरला म्हणाले.

तिने एकदाच माझ्याकडे पाहिले. मग डोक्यावरची हॅट काढून शेजारी उभ्या असलेल्या डोरोथीच्या हातात दिली आणि आत चढली. दार लागले.

मला हॉस्पिटलचे नावही माहीत नव्हते. डोरोथी म्हणाली की एस्तर तिकीटखिडकीवर फोन करील, तोपर्यंत थांबायला हवे. शस्त्रक्रियेच्या खोलीपाशी कोणाला जाऊ देत नाहीत. मी त्याच फोनवरून अभिजितला फोन लावला. कारखान्यात मोबाइल कुलपात ठेवावा लागतो. घंटी वाजत राहिली. मी निरोप ठेवला, तो काय ठेवला देव जाणे.

आतून प्रेक्षकांची कुजबुज ऐकू येत होती. डोरोथीने माझे दोन्ही हात धरले. "आम्ही खेळ थांबवतो. तू म्हण, आत्ता थांबवतो."

मी विचार केला. खेळ थांबला तर लोक घरी जातील, दिवे लागतील, आणि मी त्या रिकाम्या खोलीत फोनकडे पाहत बसेन. त्या शांततेची मला इतकी भीती वाटली की मी म्हणाले, "थांबवू नका. गा."

त्यांनी मला पहिल्या रांगेत दाराजवळ बसवले. डोरोथी वर गेली, प्रेक्षकांना दोन वाक्ये बोलली आणि एस्तरच्या खुर्चीवर जांभळी हॅट ठेवली. तिची जागा घेणारे कोणी नव्हते, आणि तिची हॅट दुसरीने घालायची नव्हती. सहाजणी गाऊ लागल्या. जिथे एस्तरचे बोलणे यायचे तिथे एखादी त्या खुर्चीजवळ जायची, जरा थांबायची आणि म्हणायची, "इथे ती असं म्हणते..." आणि तिची वाक्ये म्हणायची.

मी तो दुसरा अंक पाहिला. सगळा पाहिला, आणि त्यातले एक अक्षर मला सांगता येणार नाही. माझी नजर दारावर होती. दार हलले की मी अर्धी उठायचे. कोणीतरी खोकत आत यायचे, बस. एक गाणे मात्र कळले, कारण सगळ्यांनी काळ्या हॅट घातल्या आणि टाळ्यांचा ठेका थांबला. मातीला जाताना घालायच्या हॅटचे गाणे होते ते. मी कानांवर हात ठेवले. माझ्या मनात सकाळची ती पलंगाची कड होती, आणि विहिरीचे ते खोटे पाणी. ती गेली तर मी मारली, असे मी स्वतःला स्पष्ट मराठीत सांगितले. शेजारची एक अनोळखी जर्मन बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने मला काही विचारले नाही. शेवटपर्यंत हात मात्र काढला नाही.

शेवटचे गाणे चालू असताना दार उघडले. तिकीटवाली मुलगी. तिच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावरून काहीच समजत नव्हते.

बाहेर येऊन मी फोन कानाला लावला.

"मुलगी," एस्तरचा आवाज. "सोळाशे ग्रॅम. रडली, मामा. मी स्वतः ऐकलं."

"आणि प्राजक्ता?"

फोनमध्ये चाकांचा, पावलांचा आवाज आला.

"ती अजून आत आहे. रक्त खूप गेलंय. ये तू."

रंगमंचावरच्या सहाहीजणी टाळ्या घ्यायला थांबल्या नाहीत. दोन टॅक्सींत आम्ही कोंबून बसलो. हॅट मावेनात म्हणून काहींनी त्या मांडीवर घेतल्या, काहींनी खिडकीला टेकवल्या. कोणी बोलत नव्हते. हॉस्पिटलच्या पांढऱ्या बोळात आम्ही रांगेने बसलो तेव्हा येणारे-जाणारे वळून पाहत होते. पिवळी हॅट, मोरपिशी हॅट, द्राक्षांची हॅट आणि शेवटी मी, उघड्या डोक्याची. मी पदर डोक्यावर घेतला. सवयीने नाही, मला लपायचे होते.

तासाभराने डॉक्टरीणबाई आल्या. एस्तर उठून त्यांच्यापाशी गेली. मी तिच्या पाठीकडे पाहत होते. ती वळली तेव्हा तिचे ओठ थरथरत होते, आणि क्षणभर मला वाटले, संपले.

"वाचली," ती म्हणाली. "दोघी वाचल्या."

डोरोथीने मला धरले. संध्याकाळी अभिजित धावतपळत पोचला तेव्हा काचेच्या पेटीतली त्याची मुलगी, नळ्यांच्या गुंत्यात, माझ्या तळहाताएवढ्या पाठीने श्वास घेत होती.

पुढचे पाच आठवडे आम्ही कोलोनला राहिलो. ते शहर मी तसे पाहिलेच नाही. ऱ्हाईन नदी मला ट्रामच्या खिडकीतून दिसायची, सकाळी जाताना करडी, परत येताना काळी. मुलीचे वजन वीस ग्रॅमने कमी झाले की आम्ही जेवायचो नाही. पेटीवरचे यंत्र किंचाळायचे आणि आम्ही उभ्या राहायचो. नर्स येऊन एक बटण दाबायची, "आलेस गूट" (सगळे ठीक) म्हणायची आणि जायची. आम्ही मात्र तासभर यंत्रावरून नजर काढायचो नाही.

असेच एकदा आम्ही दोघी पेटीजवळ बसलो होतो. मला राहवेना. मी म्हणाले, "प्राजक्ता, त्या सकाळी मी घाबरले होते. तुला डॉक्टरकडे नेऊ या असं तोंडात आलं होतं. मी बोलले नाही. विहिरीचं पण खोटं सांगितलं."

ती मग पेटीकडे पाहतच म्हणाली, "आई, मला त्या सकाळी डाग दिसला होता. रक्ताचा. लहानसा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही घाबराल म्हणून." तिने पेटीवर हात ठेवला. "आणि मीच तुम्हाला सांगितलं होतं ना, घाबरू नका म्हणून. मग आता कुठल्या तोंडाने सांगू?"

आम्ही दोघी रडलो. नर्सने रुमालांचा खोका आणून दिला आणि यंत्राचा आवाज कमी केला.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही परत निघालो. निरोप द्यायला एस्तर आली होती, कामाच्या साध्या कपड्यांत, रात्रपाळी करून. मुलीचे नाव आम्ही ईरा ठेवले होते. एस्तर तिला दुसरेच कुठलेसे नाव घेऊन हाक मारायची. ते कुमासीचे होते आणि त्याचा अर्थ रविवारी जन्मलेली, असे तिने सांगितले.

परतीच्या गाडीत बोगदे आले, कानांना दडे बसले, ईरा रडली, आणि मी मोठ्याने म्हणाले, "बाई गं, मला या बोगद्यांची भीती वाटते." आम्हाला न्यायला आलेल्या अभिजितने आश्चर्याने पाहिले. इतकी वर्षे माझ्या भीतीला घरात सगळे हसत आले, मीही हसत आले. भीती खरी ठरते की खोटी, हे आपल्याला आधी कळत नाही. बहुतेक वेळा ती खोटीच ठरते. पण ती बोलून दाखवली नाही, तर जिला ती कळायला हवी तिलाच कळत नाही. साठीला टेकल्यावर, परक्या मुलखात, एवढे मोल देऊन मला हे समजले.

एर्लांगेनला उतरलो. थंडी मी म्हणत होती. अभिजित सामान घेऊन पुढे गेला. प्राजक्ता गुंडाळलेल्या ईराला छातीशी धरून फलाटावर उभीच राहिली.

"काय झालं गं?"

"घरी नर्स नाही, यंत्र नाही," ती हळूच म्हणाली. "आई, मला खूप भीती वाटतेय."

"मलाही," मी म्हणाले.

ती हसली. मग आम्ही दोघी जिन्याकडे निघालो, पायऱ्या ओल्या होत्या म्हणून एकेक पायरी बघून.